‘उमटला नाही, परत ठेवा’: आधारवर पैसे काढताना होणारी फसवणूक

लाडकी बहीण योजनेचा हप्ता जमा झाला की आधारवर पैसे काढून देणाऱ्याच्या टेबलापुढे रांग लागते. बँक लांब असते, एटीएम कार्ड काढलेलं नसतं, म्हणून अंगठा. आणि पैसे जातात ते याच अंगठ्यावर.

प्रकार असा चालतो. खात्यात दोन हप्त्यांचे ३००० आणि आधीची शिल्लक ५२००, म्हणजे ८२०० आहेत. बाईंना १५०० काढायचेत. ऑपरेटर आधार नंबर टाकतो, बँक निवडतो, अंगठा ठेवायला लावतो. हा पहिला अंगठा फक्त शिल्लक बघण्याचा. आकडा त्याला कळतो, बाईंना नाही, कारण स्क्रीन त्याच्याकडे वळलेली. “उमटला नाही हो ताई, बोट पुसून परत ठेवा.” या दुसऱ्या अंगठ्यावर ५००० निघतात. “सर्व्हर डाऊन आहे, थांबा.” तिसऱ्यावर १५००, आणि तेवढेच हातावर मोजून दिले जातात. खात्यात उरले १७००. बाईंच्या लेखी काहीच बिघडलेलं नाही.

हे पटतं, कारण पुष्कळदा खरंच अंगठा उमटत नाही. धुणीभांडी आणि मातीकाम करून बोटांच्या रेषा झिजतात. त्यातून या पद्धतीत ना पिन लागतो, ना ओटीपी. आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा एवढ्यावर एका व्यवहारात १०,००० रुपयांपर्यंत रक्कम निघते.

दुसरी चाल केवायसीच्या, म्हणजे ओळख पडताळणीच्या नावाखाली. सप्टेंबर २०२५ पासून या योजनेची ई-केवायसी सुरू झाली, पण ती ओटीपीवर होते: आधी लाभार्थीच्या आणि मग पती किंवा वडिलांच्या आधारशी जोडलेल्या मोबाइलवर. तिथे अंगठ्याचं कामच नाही. त्यामुळे “केवायसीसाठी अंगठा द्या” म्हणणाऱ्यापुढून सरळ उठावं. व्हॉट्सॲपवर आलेली ‘लाडकी बहीण केवायसी’ नावाची एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी) उघडू नये. ती फोनमधले मेसेज वाचते, म्हणजे ओटीपी आपोआप तिकडे पोचतो. योजनेच्या सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ने संपतो.

अंगठा ठेवण्याआधी स्क्रीन आपल्याकडे वळवून घ्या. त्यावर ‘कॅश विथड्रॉवल’ आहे की ‘बॅलन्स’, आणि रक्कम किती, ते वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणारं पोर सोबत न्या, त्याला हे पटकन कळतं. प्रत्येक अंगठ्याची पावती मागा, फेल झालेल्याचीसुद्धा. पावतीवर रक्कम, व्यवहार झाला की फसला, उरलेली शिल्लक आणि आरआरएन, म्हणजे त्या व्यवहाराचा बारा आकडी ओळख नंबर असतो. व्यवहार खरोखर फसून पैसे कापले गेले असतील तर पाच दिवसांत परत यायला हवेत. त्यानंतर उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद रिझर्व्ह बँकेने केलेली आहे. पण पावतीच नसेल तर भांडणार कशावर?

बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर आपलाच आहे का, हेही बघा. जुना बंद पडलेला किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाचा नंबर असला की पैसे गेल्याचा मेसेज बाईंपर्यंत येतच नाही. मग चोरी महिनोन्‌महिने चालू राहते.

पैसे गेल्याचं कळल्यावर आधी पासबुक भरून घ्या. एईपीएस (आधारवर पैसे काढण्याच्या पद्धतीचं नाव) लिहिलेल्या, आपण न काढलेल्या ओळींवर खूण करा. ‘माय आधार’च्या संकेतस्थळावर गेल्या सहा महिन्यांत आधार कुठल्या दिवशी, किती वाजता वापरलं गेलं ते दिसतं, तोही कागद छापून घ्या. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा आणि बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्या. तोंडी सांगितलेलं धरलं जात नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात तीन कामाच्या दिवसांची मुदत आहे, तेवढ्यात कळवलं तर ग्राहकाची बाजू बळकट राहते. ऑपरेटरने “उद्या आणून देतो” म्हटलं तरी तक्रार थांबवू नका, हे दिवस त्यातच निघून जातात.

आणखी चोरी होऊ नये म्हणून आधारच्या सरकारी ॲपमधून बायोमेट्रिक लॉक, म्हणजे अंगठ्याला कुलूप लावता येतं. पैसे काढायच्या वेळी ते दहा मिनिटांपुरतं उघडायचं, नंतर आपोआप बंद होतं. मात्र लॉक असताना रेशन दुकानातल्या मशीनवरही अंगठा चालत नाही, तेव्हा धान्य आणायला जातानाही ते आधी उघडावं लागेल.