पॉवरग्लाइडचं ट्रान्सब्रेक किट: लाँच झकास, वायरिंगने रडवलं
ड्रॅग कारच्या (सरळ रेषेतल्या रेसची गाडी) पॉवरग्लाइडमध्ये, म्हणजे शेव्हरलेच्या दोन गिअरवाल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये, ट्रान्सब्रेकवाली (लाँचआधी गाडी जागेवर धरणारी) व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे तेलाचा दाब हवा तिकडे वळवणारा भाग, टाकली, कंपनीचं नाव नाही घेत. बटण दाबलं की फर्स्ट आणि रिव्हर्स एकदमच लागतात, गाडी जागेवर जाम, आणि बटण सोडलं की अशी सुटते ना, विचारूच नका! पण सोलेनॉइडला (बटणावर चालणारा विजेचा व्हॉल्व्ह) वायर इतकी बारीक दिलीये की दुसऱ्याच दिवशी इन्सुलेशन वितळलं, शेवटी जाड वायर आणि रिले मीच लावला. आणि हो, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) गिअरबॉक्समध्ये पूर्ण आत बसवल्यावर फ्लेक्सप्लेटला (इंजिनच्या मागची चकती) टेकवायला 3 ते 5 मिलिमीटर पुढे ओढावा लागतोय का बघा, नाहीतर गिअरबॉक्सचा तेलाचा पंप गेलाच समजा (माझा गेलाय एकदा). गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर मोठाच घ्या, बटण जास्त वेळ धरलं की तेल भसकन तापतं.