कापड रंगवून उरलेलं रंगाचं सांडपाणी साफ करायला काय वापरावं: नेहमीचे बॅक्टेरिया की मीठ सोसणारं यीस्ट?
रिॲक्टिव्ह डायने (म्हणजे धाग्याशी रासायनिक बंधाने जोडल्या जाणाऱ्या रंगाने) कापड रंगवताना लिटरमागे ४० ते १०० ग्रॅम मीठ घालतात, समुद्रात असतं साधारण ३५, आमच्या आगरवाड्याच्या मिठागरात अनवाणी उतरलात तर पायाला कळेलच, आणि असलं खारं पाणी शुद्धीकरणाच्या टाकीत आलं की नेहमीचे बॅक्टेरिया मान टाकतात. बॅक्टेरिया स्वस्त हो, पण हवेशिवाय ॲझो डाय (नायट्रोजनच्या जोडबंधाचे रंग, बरेच रिॲक्टिव्ह डाय याच जातीचे) तोडला की ॲरोमॅटिक अमाईन्स नावाची विषारी संयुगं उरतात, रंग गेला तरी विष तिथंच. डिबॅरिओमायसिस हॅन्सेनीसारखं समुद्री यीस्ट मीठ आरामात सोसतं, फक्त त्याला साखर लागते, थोडं आंबट पाणी लागतं, आणि डायचं पाणी असतं अल्कलाईन! खाऱ्या पाण्याला माझं मत यीस्टलाच, पण तळाशी बसलेला यीस्टचा गाळ बघा: तो डायच्याच रंगाचा दिसला तर रंग यीस्टला नुसता चिकटलाय, तुटलेला नाही.