जुना ट्रक घेताय? बझरची वायर आधी बघा

मागच्या वर्षी सेकंडहँड दहा टायरचा ट्रक घेतला, दलालामार्फत, साडेअकरा लाखाला. यार्डात पोचलो तर गाडी आधीच स्टार्ट करून ठेवलेली, एअरचे दोन्ही काटे ८ बारवर, बझर गप्प. (ट्रकचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो, दाब कमी झाला की बझर ओरडतो.) गाडी एकदम ओके वाटली. हँडब्रेक जरा ढिला लागला तर दलाल म्हणाला, शेठ, ॲडजस्ट केला की झालं. आम्ही यायच्या आधीच इंजिन गरम कशाला केलं होतं हे मी विचारलंच नाही, आणि फसलो तिथंच.

पहिली खेप कोल्हापूरहून पुण्याला, साखर. चालवायला मावसभाऊ, मी शेजारी. खंबाटकीचा बोगदा संपला की उतार आणि ते एस वळण, तिथं किती गाड्या गेल्यात ते सगळ्यांना माहितीय. उतरताना तो एकदम म्हणाला, दादा, पेडल दाबतोय पण गाडी धरत नाय. बघितलं तर काटा ४ च्याही खाली आणि ना बझर ना लाल दिवा. तो तिसऱ्या गियरमध्ये उतरत होता, न्यूट्रल केलं नव्हतं, म्हणून इंजिननं गाडी धरली आणि कशीतरी कडेला घेता आली. दोघांचेही हातपाय कापत होते. तसेच पुढं गेलो असतो तर वाटेत कात्रजचा नवा बोगदा आणि खाली नवले पूल, जिथं २०२२ च्या नोव्हेंबरात एका ट्रकनं बऱ्याच गाड्या ठोकल्या होत्या.

फिटरनं उघडलं तर बझरच्या स्विचची वायर कापून टेप मारलेली, डॅशबोर्डचा बल्ब काढलेला. मागच्या एका बूस्टरचा (चाकाजवळचा हवेचा डबा, तोच ब्रेक दाबतो) डायफ्रॅम, म्हणजे आतला रबरी पडदा, फाटलेला, तो पेडल दाबल्यावरच हवा सोडायचा, म्हणून यार्डात काटा हलला नाही. आणि दुसऱ्या बाजूच्या बूस्टरमधली स्प्रिंग चक्क बोल्ट टाकून आवळलेली!! हवा गेली की हीच स्प्रिंग सुटून चाक जाम करते, शेवटचा ब्रेक तोच, आणि गाडी मधेच जाम होते म्हणून ज्या कुणी हे केलं त्यानं तोच बांधून टाकला. लोकांच्या जिवाचं काहीच वाटलं नाही का.

दलालाला फोन केला तर म्हणतो, स्टॅम्पपेपरवर 'जशी आहे तशी' लिहिलंय, सही तुमचीच आहे. खरंच लिहिलं होतं. दुरुस्तीचे ३८ हजार मीच भरले.

घेताना गाडी थंड असतानाच बघा. टाकीतली सगळी हवा सोडायला लावा, चावी ऑन केली की बझर ओरडलाच पाहिजे आणि इंजिन चालू केल्यावर काटा साधारण साडेचार-पाचपर्यंत चढेस्तोवर ओरडत राहिला पाहिजे. मग हवा फुल करून, सपाट जागेवर चाकांना दगड लावून इंजिन बंद करा, पेडल मिनिटभर दाबून धरा, काटा उतरत गेला तर कुठंतरी हवा जातेय. मागच्या बूस्टरमधून बोल्ट बाहेर आलेला दिसतो का ते खाली वाकून स्वतः बघा, दलालाच्या तोंडावर जाऊ नका.

त्याच यार्डात अजून दोन गाड्या विकायला उभ्या आहेत. पुणे-सातारा भागात कुणी बघायला जाणार असाल तर सकाळी लवकर जा, फोन न करता.