ऑटोडॉक व्हिना: बुरशीरोधक औषधांच्या शोधासाठी तीन वर्षे वापरल्यानंतरचा अभिप्राय

२०२१ मध्ये म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) हा शब्द मराठवाड्यात घरोघरी पोहोचला आणि अ‍ॅम्फोटेरिसिन-बीच्या इंजेक्शनसाठी रुग्णांच्या नातेवाइकांची वणवण झाली, तेव्हा बुरशीवरची आपली औषधे किती मोजकी आहेत हे मला तीव्रतेने जाणवले. पुढे लातूरमधील आमच्या महाविद्यालयात एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना मी याच विषयावरचे प्रकल्प देऊ लागलो आणि त्यासाठी ऑटोडॉक व्हिना ही संगणकप्रणाली निवडली, कारण ती विनामूल्य आहे आणि आमच्या जुन्या संगणकांवरही एक लहान रेणू काही मिनिटांत तपासून देते. अमेरिकेतील स्क्रिप्स संशोधन संस्थेत तयार झालेली आणि २०१० मध्ये शोधनिबंधातून मांडली गेलेली ही प्रणाली, एखादा रेणू विकराच्या (एन्झाइमच्या) खाचेत कोणकोणत्या स्थितींत बसू शकेल हे शोधते आणि प्रत्येक स्थितीला ऊर्जेच्या एककात गुण देते. गुण जितका ऋण, तितकी पकड घट्ट मानायची.

आमचे लक्ष्य आहे सीवायपी-५१ हे विकर. बुरशीच्या पेशीपटलाला लागणारे एर्गोस्टेरॉल तयार होण्यातील एक टप्पा ते पार पाडते, आणि फ्लुकोनाझोलसारखी अ‍ॅझोल औषधे त्याच्या केंद्रातील हीम या लोहयुक्त घटकामधल्या लोहाला आपल्या नायट्रोजनने धरून ते बंद पाडतात. कँडिडा अल्बिकन्स या बुरशीच्या या विकराची, इट्राकोनाझोल या अ‍ॅझोल औषधासह मिळालेली रचना प्रोटीन डेटा बँक या प्रथिनांच्या रचनांच्या संग्रहात सर्वांना खुली आहे.

येथेच आमची पहिली मोठी चूक झाली. रचनेतून पाण्याचे रेणू काढताना प्रथिनाबाहेरचे सगळेच अणू एका आज्ञेने पुसले गेले आणि त्यांच्याबरोबर हीमही गेले. व्हिनाने कोणतीही हरकत न घेता फ्लुकोनाझोलला हीमच्या रिकाम्या जागेत बसवले, गुणही चांगला दिला, आणि विद्यार्थिनीने तो तक्ता आनंदाने माझ्यापुढे ठेवला. ती चूक माझ्या लक्षात यायला आठवडा लागला, याची खंत मला आजही आहे. तेव्हापासून मूळ रचनेतील औषध बाजूला काढून तेच पुन्हा बसवायचे, आणि त्याची नवी जागा मूळ जागेपासून सरासरी २ अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) आत आली तरच पुढे जायचे, हा नियम आम्ही मोडत नाही.

हीम जागेवर असले तरी अडचण पूर्ण संपत नाही, कारण लोह आणि नायट्रोजन यांच्यातील बंध व्हिनाच्या गुण देण्याच्या सूत्रात नीट उतरत नाही. धातूचा अणू ती जणू हायड्रोजन बंध देणारा अणू असावा असा हाताळते. शिवाय मोठ्या रेणूला मोठा गुण मिळण्याकडे तिचा कल आहे. इट्राकोनाझोलचा रेणुभार सुमारे ७०६ आणि फ्लुकोनाझोलचा सुमारे ३०६, त्यामुळे या दोघांचे गुण शेजारी मांडून पहिले औषध अधिक प्रभावी असल्याचा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे, आणि विद्यार्थ्यांच्या अहवालांत मला हीच चूक सर्वाधिक दिसते. आम्ही आता गुणाआधी रेणूचा नायट्रोजन लोहाकडे तोंड करून आहे का हे पाहतो, आणि मग तोच रेणू मानवी सीवायपी-५१ वरही बसवून पाहतो, कारण आपल्या शरीरातही कोलेस्टेरॉल तयार करताना याच कुळातील विकर काम करत असते.

वापराच्या दृष्टीने एक तक्रार आहे. खिडक्या-बटणांची सोय नसल्याने आज्ञा टाइप करून काम करावे लागते, आणि संगणकाची फारशी ओळख नसलेला ग्रामीण विद्यार्थी पहिल्या दोन दिवसांतच बिचकतो. रेणूंच्या फाइली तयार करण्यासाठीचे जुने सहायक साधनही नव्या संगणकांवर बसवताना फार त्रास देते. शोधाची सखोलता (एक्झॉस्टिव्हनेस), म्हणजे व्हिना किती कसून स्थिती धुंडाळते हे ठरवणारा आकडा, मूळ ८ वर ठेवलेली असते. इट्राकोनाझोलसारख्या लांब, अनेक ठिकाणी वळणाऱ्या रेणूसाठी ती ३२ करावी, वेळ अधिक लागला तरी चालेल.

ज्या महाविद्यालयाकडे महागड्या प्रणालीसाठी निधी नाही, त्याने व्हिना निःसंकोच वापरावी, असे मी मनापासून सांगेन. मात्र सोबत सूक्ष्मजीवशास्त्र विभागाशी आधीच बोलून ठेवावे, म्हणजे शंभर रेणूंतून निवडलेले चार-पाच रेणू कँडिडाच्या प्लेटवर प्रत्यक्ष तपासता येतील.