शैक्षणिक कर्ज म्हणून गळ्यात मारलेलं पर्सनल लोन

शैक्षणिक कर्जाचा हप्ता अभ्यासक्रम संपल्यावर, साधारण वर्षभर थांबून सुरू होतो. आमच्या खात्यातून पहिला हप्ता कापला गेला तेव्हा मुलाचं पहिलं सत्र नुकतं सुरू झालं होतं. ९,९२७ रुपये, पाच तारखेला, सकाळी सकाळी. बायकोनं मेसेज वाचला आणि विचारलं, "हे कसले गेले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्याच्याकडे होतं, त्यानं त्या दिवसापासून फोन उचलणं बंद केलं.

ॲडमिशनच्या दिवसांत 'कर्ज काढून देतो' म्हणणारे त्याच्यासारखे एजंट पुन्हा टेबलं टाकून बसतील, म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

मुलाला कॅप राउंडमधून (शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) खाजगी कॉलेजात इंजिनिअरिंगची सीट मिळाली. आमचं उत्पन्न सव्वाचार लाखांच्या आसपास. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्तीत निम्मी ट्यूशन फी माफ होते (मुलींना २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे, मुलांना निम्मीच). पण उरलेली निम्मी फी, हॉस्टेल, मेस आणि लॅपटॉप धरून दोन लाखांचा खड्डा राहत होता. फी माफ झाली म्हणजे सुटलो, असं पुष्कळांना वाटतं. खरा खर्च फीच्या बाहेर असतो आणि तो पहिल्याच महिन्यात दारात उभा राहतो.

बँकेत गेलो नव्हतो असं नाही. शाखेतल्या साहेबांनी कागदांची यादी दिली: अलॉटमेंट लेटर, कॉलेजचं बोनाफाइड आणि फी स्ट्रक्चर, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, दोघांचं पॅन, आधार. वर म्हणाले, वेळ लागेल. किती, ते सांगितलं नाही. इकडे सीट कन्फर्म करायची तारीख तोंडावर. असल्या एजंटांचं दुकान चालतं ते याच फटीत. बँकेनं "अमुक तारखेपर्यंत होईल" एवढं सांगितलं असतं तरी निम्मे लोक त्यांच्या टेबलापाशी फिरकले नसते.

आमच्यावाला प्रवेशाच्या सुविधा केंद्राबाहेर बसायचा. गळ्यात ओळखपत्र, टेबलावर तीन-चार बँकांची माहितीपत्रकं. बोलायला गोड. "काका, बँकेच्या नादी लागू नका. चपला झिजतील आणि सीटही जाईल. विद्यालक्ष्मीवरून मी करून देतो, शासनाची सबसिडी आहे." फाइल चार्ज म्हणून साडेसहा हजार घेतले. पावती मागितली तर म्हणाला, मंजुरीसोबत मिळेल. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर अर्जाचा स्क्रीनशॉट आला. त्यावर मुलाचं नाव, अर्ज क्रमांक, हिरवी टिकमार्क, सगळं व्यवस्थित. पुढे कॉलेजात आणखी एक पालक भेटले. त्यांच्याही फोनमध्ये तोच स्क्रीनशॉट होता. क्रमांक अगदी तोच, नाव फक्त त्यांच्या मुलीचं.

विद्यालक्ष्मी खोटं नाही. शैक्षणिक कर्जाच्या अर्जांसाठीचं सरकारी पोर्टल आहे, २०१५ मध्ये सुरू झालं. तिथून बँकेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो आणि विद्यार्थ्याला त्यासाठी एक रुपया लागत नाही. खोटी होती ती ह्या माणसाची टिकमार्क.

मग त्यानं सांगितलं, सरकारी बँकेकडून नकार आला, पण आमचं एका फायनान्स कंपनीशी टाय-अप आहे, त्याच योजनेत बसवतो. माझाच फोन हातात घेऊन ॲप टाकलं. पॅन, आधार, सेल्फी, मग एकामागून एक ओटीपी. "तुमचा जुना मेल चालत नाहीये" म्हणून नवा मेल आयडी उघडला आणि तोच अर्जात घातला. त्या मेलचा पासवर्ड एजंटपाशीच राहिला. तासाभरात खात्यात २,२५,६०४ रुपये जमा झाले. त्यातले तीस हजार "सबसिडीची अनामत" म्हणून यूपीआयनं पाठवायला लावले, आणि तेही एका माणसाच्या साध्या बचत खात्यावर. सबसिडी जमा झाली की परत, असा वायदा.

आणि जाता जाता एक वाक्य टाकलं: "आठवडाभर ॲपला हात लावू नका, फाइल प्रोसेसमध्ये आहे. उघडलंत तर अर्ज बाद होईल."

त्या वाक्याचा अर्थ नंतर कळला. डिजिटल कर्जासाठी रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: कर्ज घेतल्यावर ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज परत केलं, तर दंड न भरता कर्जातून बाहेर पडता येतं. ह्याला कूलिंग-ऑफ म्हणतात आणि मुदत किती ते कर्जाच्या पत्रकात लिहिलेलं असतं. आमच्या पत्रकात तीन दिवस होती. म्हणजे ते तीन दिवस आम्हाला गप्प बसवण्यासाठी त्यानं आठवडा सांगितला. ह्या माणसाला नियम माझ्यापेक्षा नीट पाठ होते, ह्याचा राग मला तीस हजारांपेक्षा जास्त आहे.

पत्रक हातात आलं ते कंपनीच्या कस्टमर केअरशी भांडल्यावर. 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा तो कागद प्रत्येक कर्जदाराला, त्याला कळेल अशा भाषेत, कर्जाच्या आधी द्यावा लागतो. आमचा गेला होता त्या नव्या मेलवर. त्यात लिहिलं होतं: प्रकार, पर्सनल लोन. रक्कम २,४०,०००. व्याज २८ टक्के, मुदत ३६ महिने. प्रोसेसिंग फी जीएसटीसह ८,४९६ आणि विम्याचे ५,९०० आधीच कापलेले. विमा कुणी मागितला होता? सगळं धरून वार्षिक दर जवळपास ३३ टक्के पडतो. एकूण परतफेड ३,५७,३७२. शिक्षण, विद्यार्थी, कॉलेज, सबसिडी, ह्यातला एकही शब्द त्या कागदावर कुठेच नव्हता.

आता खरं शैक्षणिक कर्ज कसं असतं ते ऐका, म्हणजे फरक कळेल. बँकांच्या नेहमीच्या योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही; आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून सही करतात. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्र सरकारची हमी योजना आहे. फीसोबत हॉस्टेल, पुस्तकं, लॅपटॉपही त्यात बसतो. फीचे पैसे बँक बहुतेक थेट कॉलेजला पाठवते. शिकत असताना व्याज साध्या दरानं मोजलं जातं. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि मान्यताप्राप्त संस्थेत तांत्रिक किंवा व्यावसायिक शिक्षण असेल, तर त्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. ही सबसिडी सरकारकडून बँकेमार्फत थेट कर्जखात्यात जमा होते. तिच्यासाठी कुणाला अनामत द्यावी लागत नाही, आणि फायनान्स कंपनीच्या पर्सनल लोनला ती मिळूच शकत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे. पण ती सरकारनं निवडलेल्या उच्च दर्जाच्या संस्थांपुरतीच. आपलं कॉलेज त्या यादीत आहे का, ते त्या योजनेच्या पोर्टलवरच बघायचं. टेबलावरच्या माणसाला विचारायचं नाही.

पोलिसांकडे गेलो. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे. पैसे गेल्या गेल्या फोन केला तर समोरच्या खात्यात ते गोठवता येतात. आमचे तीस हजार तोवर पुढे सरकले होते. कर्ज कंपनीचं म्हणणं एकच: ओटीपी तुमच्या नंबरवर गेला, सेल्फी तुमची, आम्हाला एजंट माहीत नाही. पण ॲपमधल्या अर्जावर 'सोर्स' म्हणून एक कोड होता. तो कुणाचा, हे विचारल्यापासून त्यांची भाषा जरा मवाळ झाली. कर्ज मिळवून देणाऱ्याचं कमिशन कंपनीनं द्यायचं असतं, कर्जदाराकडून घ्यायचं नसतं, हाही नियमच आहे. त्यामुळे साडेसहा हजारांचा प्रश्न त्यांच्याही अंगाशी येतो. तक्रार लेखी केली. तीस दिवसांत समाधान झालं नाही, तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार टाकली. ती फुकट असते, वकील लागत नाही.

ह्या सगळ्यात हप्ते चालू ठेवले. ओळखीच्या एकानं सल्ला दिला होता, भरूच नका, बघू काय करतात. तो ऐकला नाही ते बरं झालं. दुसऱ्या वर्षासाठी सरकारी बँकेत रीतसर अर्ज केला तेव्हा मॅनेजरनं पहिल्यांदा माझं सिबिल, म्हणजे आजवरच्या कर्जांची नोंद, उघडलं. हे पर्सनल लोन तिथं दिसत होतंच. एखादा हप्ता थकलेला असता तर सहकर्जदार म्हणून माझं नाव तिथंच अडलं असतं. कर्ज मंजूर झालं. वेळ लागला, पण प्रोसेसिंग फी लागली नाही.

ज्यांनी नुकताच असा ओटीपी दिलाय, त्यांनी एजंटला फोन करण्यात वेळ घालवू नये. आधी ॲप उघडून पत्रक काढा, कूलिंग-ऑफची मुदत बघा. ती संपली नसेल तर खात्यात आलेले पैसे कॉलेजात भरण्याआधी कर्ज रद्द करा, आणि रद्द झाल्याचं मेलवर लेखी घ्या. अर्जात मेल आयडी कुणाचा घातलाय तेही त्याच वेळी तपासा. एजंटला वेगळे पैसे पाठवले असतील तर १९३० ला फोन आधी, बाकी नंतर.

आमचं म्हणाल तर विम्याचे ५,९०० परत आलेत. तीस हजार आणि फाइल चार्ज गेला तो गेलाच. लोकपालाकडची तक्रार अजून निकाली निघालेली नाही.