आरएक्स १०० ला कार्बोरेटर रिपेअर किट: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

किट आणलं तेव्हा वळीव पडत होता, आता उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर आल्यात. मधल्या काळात गाडी रोज कोल्हापुरात राजारामपुरी ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी पळाली, त्यामुळं आता लिहायला हरकत नाही. आधीच सांगून टाकतो: किटमधला निम्मा माल कामाला आला, निम्मा डबीत पडून आहे, तरीही पैसे वसूल. फक्त कुठला निम्मा, हे किट फोडायच्या आधी कळायला पाहिजे.

गाडी यामाहा आरएक्स १००. हे मॉडेल १९८५ ते १९९६ एवढंच निघालं, माझी शेवटच्या काळातली. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, मिकुनी कंपनीचा स्लाइडवाला कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग; स्लाइड म्हणजे मूठ पिळली की वर सरकून हवेची वाट उघडणारा दट्ट्या), तोही अजून मूळचाच. तक्रारी जुन्या गाडीच्या असतात त्याच. पेट्रोलचा कॉक चालू ठेवून स्टँडवर लावली की ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल ठिबकायचं. ॲव्हरेज पंचविशीत आलेलं. अर्ध्या थ्रॉटलला गाडी गुरगुरायची, मोकळी पळायची नाही. मेकॅनिककडं गेलं की उत्तर ठरलेलं: "नवीन कार्बोरेटर टाकूया की, स्वस्तात येतोय." मूळची बॉडी धड असताना बाजारातली बिननावाची बॉडी बसवायला माझं मन धजत नाही.

किट कुठलंही घ्या, त्याआधी एक काम फुकटात होतं. थ्रॉटलच्या मुठीवर चिकटपट्टी लावायची आणि पेनानं पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करायच्या. मग गाडी चालवून नेमकी कुठल्या खुणेला त्रास देते ते बघायचं. आयडलिंगपासून साधारण एक अष्टमांशपर्यंत पायलट जेट (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) आणि हवा कमीजास्त करणाऱ्या एअर स्क्रूचं राज्य. तिथून पावपर्यंत स्लाइडच्या खालच्या तिरक्या कापाचं. पाव ते पाऊण नीडल, म्हणजे स्लाइडला लटकलेली निमुळती सुई, आणि ती ज्यात खालीवर होते त्या नीडल जेटचं. पाऊणच्या पुढं मेन जेट. आपल्याकडं सगळे आधी मेन जेटला हात घालतात, पण शहरात पाऊणच्या वर मूठ पिळायला रस्ता मोकळा मिळतो कुठं? माझी गाडी अर्ध्याला अडायची, म्हणजे संशय सरळ नीडलवर.

उघडल्यावर तसंच निघालं. नीडल उजेडात धरून बोटांत फिरवली, तर एका बाजूला लांबट चकाकणारा पट्टा, बाकी सगळी नीडल मळकट. त्या पट्ट्यावरून नख फिरवलं की बारीक पायरी लागते. इतकी वर्षं हादऱ्यांनी ती नीडल जेटच्या एकाच कडेला घासत राहिली. पितळी जेटचं गोल भोकही त्यामुळं लंबगोल होतं, पण ते डोळ्यांना दिसत नाही, भिंगच लागतं. वाट मोठी झाली, पेट्रोल जास्त आलं, प्लग काळा. तळाच्या वाटीत, म्हणजे बाऊलमध्ये, पेट्रोल भरलं की वाट बंद करणाऱ्या फ्लोट नीडलच्या रबरी टोकावर गोल खाच पडली होती. ठिबकण्याचं कारण तेच.

आता किटकडं येतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, अशी किटं थोड्याफार फरकानं सारखीच असतात. फ्लोट नीडल आणि ती जिथं टेकते ती सीट एक नंबर. बसवल्यापासून टाकीखालची फरशी कोरडी आहे. इथं एक सांगतो, नुसती नीडल बदलून जुनी सीट ठेवू नका, जोडीच बदला. चोकच्या प्लंजरचं रबरही चांगलं निघालं. ते झिजलं की चोक बंद असूनही गाडी चोकवर असल्यासारखी चालते आणि दोष भलत्याच पार्टला जातो.

किटमधले जेट मात्र मी शेवटी ठेवले नाहीत. मेन जेटवर नंबर बरोबर होता, पण नंबरावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. मिकुनीच्या षटकोनी मेन जेटचा नंबर पेट्रोलच्या प्रवाहावरून असतो, केहीन या दुसऱ्या कंपनीचा भोकाच्या मापावरून, आणि लोकल माल कशावरून नंबर पाडतो ते त्यालाच ठाऊक. बघावं म्हणून बसवला, वाघबिळाचा चढ चढून प्लग काढला तर पांढराफट. टू-स्ट्रोक अशी लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) पळवली की पिस्टन चिकटलाच म्हणून समजा. जुना मूळचा जेट साफ करून परत घातला. मेन जेटमधून नीडल जात नाही, त्यामुळं तो नीडल जेटसारखा झिजत नाही. तो बिघडतो तो तार घालणाऱ्यांमुळं. उद्यमनगरातले एक लेथवाले काका म्हणाले ते ऐका: "तार घालू नगोस त्यात, भोक मोठं हुतंय." क्लीनरचा फवारा आणि हवेचा दाब, एवढं बास.

किटमधली नीडलही जुनीशेजारी ठेवली तर निमुळती व्हायला जरा वरूनच सुरुवात झालेली. डबीत गेली. नीडल आणि नीडल जेट ही जोडी वेगळी शोधून, मूळच्या नीडलवरचा कोड जुळवून घेतली. किटएवढाच खर्च त्यात गेला, पण खरा फरक तिथंच पडला. अर्ध्या थ्रॉटलची गुरगुर गेली, ॲव्हरेज पस्तिशीच्या आसपास आलं आणि तिथं टिकलंय. ही जोडी बसवताना नीडल जेटची खाच आतल्या पिनेवर बसली पाहिजे, नाहीतर तो तिरका बसतो.

बाऊलचं गॅस्केट ही किटची सगळ्यात कच्ची बाजू. ऑगस्टात पुन्हा उघडलं तर फुगून एवढं वाढलं होतं की खाचेत परत बसेना. पेट्रोलमधला २० टक्के इथेनॉल जुन्या पद्धतीच्या रबराला झेपत नाही. आपल्याच साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या तो बनवतात, तेव्हा तक्रार तरी कुणाकडं करायची! दुकानात इथेनॉलला टिकणारं गॅस्केट आणि ओ-रिंग मागा, मिळतात. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून बाऊल रिकामा करा. इथेनॉल पाणी धरतो आणि ते तळाला साठतं.

बॉडी आणि इंजिनच्या मधल्या जोडावर किट काहीच देत नाही. तिथं फट राहिली की गाडी एअर घेते, आयडलिंग वरखाली होतं, आणि माणूस एअर स्क्रू फिरवत बसतो. आयडलिंगला जोडावर क्लीनरचा छोटा फवारा मारा, आवाज बदलला तर फट तिथंच. इंजिन थंड असतानाच हे करा, सायलेन्सरवर फवारा उडायला नको.

एक दुखणं अजून आहे. स्लाइडवरचा क्रोम एका बाजूनं उडालाय, आयडलिंगला ती बॉडीत खुळखुळते. सिग्नलला रेस कधी कधी लवकर खाली येत नाही, ती त्यामुळं. स्लाइड किटमध्ये नसते, वेगळी घ्यावी लागते, आणि घेताना खालच्या कापाचा नंबर जुळवावा लागतो. शाहूपुरीत दोन दुकानांत सांगून ठेवलंय. बॉडीचं भोकही झिजलं असेल तर नुसती स्लाइड बदलून भागणार नाही, मग लेथवाल्या काकांकडं जायचं.