प्ली बार्गेनिंगच्या अर्जासाठी घेतलेली वकिली सेवा : शिवाजीनगर, पुणे

कोथरूडमधील आमच्या सोसायटीत पार्किंगवरून झालेल्या भांडणात माझ्या भाच्याने शेजारच्या काकांच्या हातावर लोखंडी पाना मारला. हाड मोडले नाही, पण टाके पडले आणि घातक हत्याराने दुखापत केल्याचा, भारतीय न्याय संहितेच्या कलम ११८(१) खालचा गुन्हा दाखल झाला. शिवाजीनगर न्यायालयाजवळच्या ज्या वकिलांनी हे प्रकरण प्ली बार्गेनिंगने, म्हणजे गुन्हा कबूल करून त्या बदल्यात शिक्षेत सवलत मागण्याच्या मार्गाने, शेवटपर्यंत चालवले, त्यांच्या सेवेविषयी हे लिहीत आहे.

दोन्ही घरांचे पटले की फिर्याद मागे घेता येते, अशी आमची समजूत होती. वकिलांनी ती पहिल्याच भेटीत दूर केली. साध्या दुखापतीत जखमी व्यक्ती स्वतः तडजोड करू शकते, जबर दुखापतीच्या कलम ११७(२) मध्ये न्यायालयाच्या परवानगीने ती होते, पण ११८(१) तडजोडयोग्य गुन्ह्यांच्या यादीतच नाही. उच्च न्यायालयात जाऊन संमतीने गुन्हा रद्द करून घेण्याचा मार्गही त्यांनी सांगितला. मात्र काकांना ते मान्य नव्हते. मुलाने न्यायालयात चूक कबूल करावी आणि आपल्याला वर्षानुवर्षे साक्षीसाठी तारखांना यावे लागू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते, आणि मला ते आजही रास्त वाटते.

त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी आम्हाला ‘कबुली द्या, दंड भरा आणि मोकळे व्हा’ असा सल्ला मिळाला होता. या वकिलांनी मात्र भाच्याला एकट्याला बोलावून तासभर समजावले की तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखा असतो, प्ली बार्गेनिंगमध्ये मात्र दोषसिद्धी होते आणि नोकरीच्या पडताळणीत तिची माहिती द्यावी लागू शकते. अमेरिकेत गुन्ह्याचे कलमच सौम्य करून घेता येते, तसे आपल्याकडील या तरतुदीत नाही. कलम तेच राहते, सवलत शिक्षेत मिळते. ११८(१) खाली कमाल शिक्षा तीन वर्षांची आहे. प्ली बार्गेनिंगमध्ये होणारी शिक्षा तिच्या एक चतुर्थांश म्हणजे नऊ महिने, आणि पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्यास एक षष्ठांश म्हणजे सहा महिने, असा हिशेब त्यांनी कागदावर मांडून दाखवला. निकालावर नेहमीचे अपील नाही, हेही त्यांनी लपवले नाही. विचार करायला आठवडा घ्या, असे ते म्हणाले. या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट मला हीच वाटते.

प्ली बार्गेनिंगची सोय आपल्याकडे २००६ पासून आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार दोषारोप ठेवल्यापासून ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. वकिलांनी तो शपथपत्रासह अठराव्या दिवशीच दाखल केला. न्यायाधीशांनी भाच्याला बंद दालनात, समोरच्या पक्षाला बाहेर ठेवून, अर्ज स्वेच्छेने केला आहे का, हे विचारले. त्यानंतर समझोत्यासाठी जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. सरकारी वकील, तपास अधिकारी, काका आणि आम्ही एकत्र बसलो, तेव्हा वकिलांनी काकांच्या औषधोपचाराच्या बिलांवर एकदाही घासाघीस केली नाही. उलट बुडालेल्या कामाचे दिवसही धरा, असे तेच म्हणाले. बिलांची रक्कम आणि भरपाई ठरली. परिवीक्षेची मागणी त्यांनी नीट मांडल्यामुळे न्यायालयाने भाच्याला तुरुंगात न पाठवता एक वर्षाच्या चांगल्या वर्तणुकीच्या हमीपत्रावर सोडले.

उणिवाही आहेत. प्रतिज्ञापत्रे आणि नकलांचा खर्च शुल्कापेक्षा वेगळा असतो, हे आधी सांगितले गेले नाही आणि पावती दोनदा मागावी लागली. तारखेच्या आदल्या संध्याकाळी फोन लागत नाही. कनिष्ठ वकिलांचा क्रमांक पहिल्याच दिवशी मागून घ्यावा.

जखमी व्यक्ती स्त्री किंवा मूल असेल, अथवा गुन्ह्याची शिक्षा सात वर्षांहून अधिक असेल, तर हा मार्ग मुळातच बंद आहे; माझ्यासमोर आलेल्या अशा एका कुटुंबाला या वकिलांनी शुल्क न घेता तेवढे सांगून परत पाठवले.